मेंदूंची तुलना करताना काय वजा करायचं?

वर्तमानपत्रात महिन्या-दोन महिन्यांनी एक बातमी हमखास येते. अमुक आजार असलेल्यांच्या मेंदूतला तमुक भाग लहान असतो, किंवा तमुक काम करणाऱ्यांच्या मेंदूतला एखादा भाग मोठा असतो. सोबत रंगीत ठिपके असलेला मेंदूचा फोटो. मूळ शोधनिबंध उघडून पाहिला तर त्यात एक छोटंसं वाक्य असतं: वय, लिंग आणि कवटीचा आकार यांचा प्रभाव वजा करून हा निष्कर्ष काढला आहे. बातमीत हे वाक्य कधीच येत नाही. माझ्या मते सगळी गंमत आणि सगळी गडबड त्याच वाक्यात असते, म्हणून आजचा लेख त्या वाक्याच्या इतिहासावर.

आधी शब्द समजून घेऊ. समजा, एका आजाराच्या वीस रुग्णांचे आणि वीस निरोगी माणसांचे एमआरआय केले. रुग्णांचं सरासरी वय ६५ आणि निरोगी माणसांचं ४५ निघालं. वयाबरोबर प्रत्येकाचाच मेंदू थोडा थोडा आकसतो. मग रुग्णांचा मेंदू लहान दिसला तर तो आजारामुळे की वयामुळे? ज्या घटकात आपल्याला रस नाही, पण जो मोजमापात लुडबुड करतो, त्याला संख्याशास्त्रात कोव्हेरिएट म्हणतात. मराठीत सोबतचा घटक म्हणू. त्याचा हिशेब करून तो बाजूला काढायचा म्हणजे 'वजा' करायचा. ऐकायला सोपं आहे. पण काय वजा करायचं हे कोण ठरवतं?

ब्रोका यांचा तराजू

पॉल ब्रोका हे नाव डॉक्टरांना पहिल्याच वर्षी भेटतं. बोलणं गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा आहे हे त्यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये दाखवलं. त्या भागाला आजही ब्रोका एरिया म्हणतात. त्याच वर्षी ते दुसऱ्या एका वादात उतरले होते, तो मात्र आम्हाला कॉलेजात कुणी शिकवला नाही.

वाद असा, की मेंदूच्या वजनाचा बुद्धीशी संबंध आहे का? ब्रोका म्हणत, आहे. ग्रात्योले नावाचे त्यांचे सहकारी म्हणत, नाही. ग्रात्योले यांनी पुरावा म्हणून सांगितलं, की जर्मन लोकांचे मेंदू फ्रेंचांपेक्षा सरासरी १०० ग्रॅमने जड भरतात. म्हणजे एक तर जर्मन अधिक हुशार, नाही तर वजनाला अर्थ नाही. फ्रेंच सभेत हा पेच टाकणं म्हणजे चांगलीच खोडी होती.

ब्रोका यांनी उत्तर दिलं ते आजच्या कुठल्याही संशोधकाला शोभेल असं. त्यांनी सांगितलं, की जर्मन माणूस अंगानेच मोठा असतो, त्यामुळे त्याचा मेंदू मोठा असणारच. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू हलका होतो, म्हणून मेलेल्यांची वयं बघा. दीर्घ आजाराने झिजून मेलेला आणि फाशी गेलेला धडधाकट माणूस यांची तुलना करू नका. शरीराचा आकार, वय, मृत्यूचं कारण, हे तीन सोबतचे घटक त्यांनी अचूक ओळखले आणि त्यांचा हिशेब केल्यावर जर्मनांची आघाडी उरली नाही.

आता दुसरं पारडं. पॅरिसच्या रुग्णालयांतल्या शवविच्छेदनांतून ब्रोका यांच्याकडे २९२ पुरुषांच्या मेंदूंची वजनं होती, सरासरी १३२५ ग्रॅम. १४० स्त्रियांची होती, सरासरी ११४४ ग्रॅम. फरक १८१ ग्रॅम. स्त्रीचं शरीर लहान असतं हे ब्रोका यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते लिहिलंही. पण इथे हिशेब केला नाही. स्त्रिया बुद्धीने थोड्या कमी असतात हे ठाऊकच आहे, तेव्हा फरकाचा काही भाग शरीरामुळे आणि काही भाग बुद्धीमुळे, असं म्हणून ते पुढे गेले. जो निष्कर्ष काढायचा तोच गृहीत धरला.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी विसाव्या शतकात ब्रोका यांचेच आकडे घेऊन ते गणित करून पाहिलं. या आकड्यांतल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरीने बऱ्याच वयस्क होत्या, आणि पुरुष त्यांच्यापेक्षा जवळजवळ अर्धा फूट उंच होते. फक्त उंची आणि वय हे दोन घटक वजा केल्यावर १८१ ग्रॅमचा फरक ११३ वर आला. उरलेले ११३ म्हणजे बुद्धी असंही नाही, कारण उंची म्हणजे अख्खं शरीर नव्हे. (गूल्ड यांनी दुसऱ्या एका शास्त्रज्ञावर, मॉर्टन यांच्यावर, कवट्या मोजताना पक्षपात केल्याचा आरोप केला होता, आणि २०११ मध्ये त्याच कवट्या पुन्हा मोजणाऱ्यांनी तो आरोप गूल्ड यांच्यावरच उलटवला. पण ब्रोका यांच्या आकड्यांचं हे गणित सरळ आहे.)

हा नुसता पंडिती वाद नव्हता. ब्रोका यांच्या वर्तुळातल्या गुस्ताव ल बाँ यांनी १८७९ मध्ये असल्याच आकड्यांच्या आधारे लिहिलं, की पुष्कळशा स्त्रियांचे मेंदू आकाराने गोरिलाच्या जवळचे असतात आणि मुलींना मुलांसारखं शिक्षण देणं धोक्याचं आहे. एक वजाबाकी करायची राहिली, की शाळेचा दरवाजा बंद होऊ शकतो.

या दाव्याला उत्तर दिलं लंडनच्या अॅलिस ली यांनी. त्या कार्ल पिअरसन यांच्या विद्यार्थिनी. डोक्याच्या बाहेरच्या मापांवरून कवटीच्या आतली जागा काढण्याची सूत्रं त्यांनी बसवली, म्हणजे मोजण्यासाठी कुणी मरायची गरज उरली नाही. १८९८ मध्ये डब्लिनला शरीररचनाशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तिथल्या ३५ पुरुष शास्त्रज्ञांची डोकी मोजली गेली. शिवाय बेडफर्ड कॉलेजच्या ३० विद्यार्थिनींची. ली यांनी यादी उतरत्या क्रमाने मांडली. काही नामवंत प्राध्यापक तळाशी, आणि अनेक विद्यार्थिनी त्यांच्या वर. कोलमान हे त्या काळचे मोठे कवटीतज्ज्ञ, त्यांचं डोकं सर्वांत लहानांपैकी. १९०१ मध्ये हे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. कवटीच्या आकारावरून एकेका माणसाची हुशारी सांगता येत नाही हे त्यांनी ज्यांची डोकी मोजली त्यांच्याच यादीने दाखवलं. असा खट्याळ पुरावा विज्ञानात क्वचित बघायला मिळतो.

शेतातून आलेलं गणित

वजाबाकी करायची कशी, याची शिस्तशीर रीत मात्र दवाखान्यातून आली नाही, शेतातून आली. लंडनच्या उत्तरेला रोथॅमस्टेड नावाचं शेतकी संशोधन केंद्र आहे. तिथे रोनाल्ड फिशर खतांचे प्रयोग तपासत. दोन वाफ्यांना वेगळी खतं घातली आणि एकात जास्त पीक आलं, तर ते खतामुळे की ती जमीनच कसदार होती म्हणून? फिशर यांचा तोडगा असा: कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आणि खत घालण्याच्या आधीच्या वर्षी प्रत्येक वाफ्यात किती पीक आलं होतं ते सोबतचा घटक म्हणून हिशेबात घ्या. या रीतीला अॅनालिसिस ऑफ कोव्हेरियन्स, थोडक्यात अँकोव्हा म्हणतात. १९३२ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या चौथ्या आवृत्तीत ती आली.

इथे दोन गोष्टी नीट पाहून ठेवा, पुढे त्यांच्यावरच सगळं अडणार आहे. एक, चिठ्ठ्या टाकल्यामुळे दोन्ही गटांत कसदार आणि निकस वाफे साधारण सारखेच येतात. जो फरक राहतो तो निव्वळ योगायोगाचा. दोन, सोबतचा घटक खत घालण्याआधी मोजलेला आहे, म्हणजे खताचा परिणाम त्यात मिसळलेला असणं शक्यच नाही.

आता आमच्या पेशंटचा विचार करा. कुणाला स्किझोफ्रेनिया होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. आजारी माणूस आणि निरोगी माणूस यांच्यात वय, शिक्षण, औषधं, झोप, तंबाखू, वजन अशा पन्नास गोष्टी वेगळ्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा आजारामुळेच वेगळ्या झालेल्या असतात. फिशर यांचं गणित जसंच्या तसं इथे लावलं तर ते उत्तर देतं. गणित नेहमीच उत्तर देतं. प्रश्न असा, की ते कशाचं उत्तर आहे?

अमेरिकेतले फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये याच मुद्द्यावर दोन-तीन पानांचं एक कोडं छापलं. एका विद्यापीठाच्या मेसमध्ये मुलं-मुली जेवतात. सप्टेंबरमध्ये त्यांची वजनं घेतली, जूनमध्ये पुन्हा घेतली. मुलांची सरासरी होती तिथेच, मुलींचीही होती तिथेच. पहिला संख्याशास्त्रज्ञ म्हणतो, मेसच्या जेवणाचा कुणावरच परिणाम नाही. दुसरा सुरुवातीचं वजन सोबतचा घटक म्हणून घेतो आणि म्हणतो, एकाच वजनाने सुरुवात करणाऱ्या मुलाची आणि मुलीची तुलना केली तर जूनमध्ये मुलगा जड भरतो, म्हणजे परिणाम आहे. दोघांचंही गणित बरोबर. आकडे तेच. उत्तरं उलटी. कारण दोघांनी दोन वेगळे प्रश्न विचारले. दोन गट मुळातच वेगळे असतील, तर एका आकड्याची वजाबाकी करून ते सारखे होत नाहीत. मेंदूच्या स्कॅनचं युग सुरू होण्याच्या आधी हे लिहून झालेलं होतं, हे विशेष.

पोकळ्या कुणाच्या मोठ्या?

आता स्किझोफ्रेनियाकडे येऊ, कारण या सगळ्या वजाबाकीची किंमत जितकी या आजाराच्या घरांनी मोजली तितकी क्वचितच कुणी मोजली असेल. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषक बाईंनी 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' अशी कल्पना मांडली. थंड, वरचढ आईमुळे मुलाला हा आजार होतो, असा तिचा अर्थ घेतला गेला आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं असंख्य आयांनी हा दोष डोक्यावर वाहिला. आजार मेंदूचा आहे हे दाखवता आलं असतं तर ते ओझं उतरलं असतं.

प्रयत्न आधी झाले होते. मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. मेंदू आकसला की त्या रुंदावतात. डँडी या अमेरिकन सर्जननी १९१९ मध्ये पाठीच्या कण्यातून हवा भरून त्या पोकळ्या एक्स-रेवर दाखवायची युक्ती काढली. १९२७ मध्ये याकोबी आणि विंकलर यांनी जर्मनीत ती स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर वापरली आणि पोकळ्या मोठ्या असल्याचं सांगितलं. पण कुणापेक्षा मोठ्या? ही तपासणी इतकी त्रासदायक होती, की निरोगी माणसाला तुलनेसाठी हवा भरायला कोण बोलावणार? डोकं असह्य दुखायचं, उलट्या व्हायच्या. तुलनेचा गटच मिळत नव्हता, म्हणून निष्कर्ष लटकत राहिला.

ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाचा मेंदू दिसला, आणि हे चित्र पालटलं. आता निरोगी माणसालाही मशीनखाली झोपवता येत होतं. १९७६ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलातल्या ईव्ह जॉन्स्टन आणि टिम क्रो यांच्या गटाने 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की वर्षानुवर्षं रुग्णालयात असलेल्या १७ स्किझोफ्रेनिया रुग्णांच्या पोकळ्या त्याच वयाच्या ८ निरोगी माणसांपेक्षा मोठ्या आहेत. सतरा आणि आठ! आज कुणी इतक्या लोकांवर अभ्यास पाठवला तर संपादक पाकीट न उघडता परत करतील. पण मानसोपचाराच्या इतिहासात या पानांचं वजन फार मोठं आहे.

मग डझनावारी अभ्यास झाले. काहींना फरक दिसला, काहींना दिसला नाही. का? १९८६ मध्ये स्मिथ आणि इआकोनो यांनी हे सगळे अभ्यास शेजारी शेजारी ठेवले आणि 'लॅन्सेट'मध्येच एक गोष्ट दाखवली, जी मला या संपूर्ण इतिहासातली सर्वांत शहाणी वाटते. रुग्णांच्या पोकळ्या सगळ्या अभ्यासांत साधारण सारख्याच होत्या. बदलत होता तो तुलनेचा गट. अनेक संशोधकांनी सोपा मार्ग धरला होता. डोकेदुखी वगैरेसाठी ज्यांचा सीटी झाला आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला, अशांच्या फिल्म कपाटातून काढून त्यांनाच निरोगी गट म्हटलं. पण रेडिओलॉजिस्टने ज्यांच्या पोकळ्या जराशा मोठ्या होत्या त्यांना आधीच नॉर्मलमधून बाहेर काढलेलं होतं! उरलेले म्हणजे लहान पोकळ्यांचे निवडक लोक. त्यांच्या शेजारी कुणालाही उभं केलं असतं तरी त्याच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या असत्या. गल्लीबोळातून खरोखरच्या निरोगी स्वयंसेवकांना आणलं, की फरक कमी व्हायचा. ही चूक कुठल्याही कोव्हेरिएटने निस्तरता येत नाही, कारण ती गणिताच्या आधी, माणसं निवडतानाच झालेली असते.

दुसरा फास शिक्षणाचा. परीक्षक विचारत, की तुमच्या रुग्णांचं शिक्षण कमी आहे, ते वजा केलंत का? ऐकायला रास्त. पण हा आजार बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मुलगा खोलीतून बाहेर येईनासा होतो, आणि शिक्षण तिथेच थांबतं. म्हणजे कमी शिक्षण हा आजाराच्या वाटेत आडवा आलेला परका घटक नसून आजाराचाच परिणाम आहे. तो वजा करणं म्हणजे तापाच्या रुग्णांची तुलना करताना अंगाचं तापमान वजा करण्यासारखं आहे. मिनेसोटा विद्यापीठाचे पॉल मील यांनी १९७० मध्ये हा मुद्दा खणखणीत मांडला होता. पदवीधर रुग्ण शोधून पदवीधर निरोगी माणसांशी जोडी लावली, तर हाती लागतो तो आजार असूनही पदवी मिळवलेला, म्हणजे मुळात विलक्षण तल्लख किंवा सौम्य आजाराचा रुग्ण. पुढे चांगल्या अभ्यासकांनी रुग्णाच्या ऐवजी आई-वडिलांच्या शिक्षणावरून गट जुळवायला सुरुवात केली. मुलाच्या आजाराने वडिलांची मॅट्रिक बदलत नाही.

१९९० मध्ये वॉशिंग्टनजवळच्या एका गटाने, सडथ आणि वाइनबर्गर यांनी, सगळी वजाबाकीच टाळली. त्यांनी एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या शोधल्या, ज्यांत एकाला स्किझोफ्रेनिया आणि दुसरा निरोगी. जनुकं तीच, वय तेच, घर तेच, आईही तीच. एमआरआयमध्ये १५ पैकी १४ जोड्यांत आजारी जुळ्याचा डावा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाशी संबंधित भाग, भावंडापेक्षा लहान निघाला. डावी पोकळीही १४ जोड्यांत मोठी. अभ्यास १५ जोड्यांचाच, पण आईला दोष देणाऱ्यांना यानंतर बोलायला फारशी जागा उरली नाही.

लाखभर गणितं एका वेळी

याच सुमारास लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात कार्ल फ्रिस्टन नावाचे तरुण मानसोपचारतज्ज्ञ पेट स्कॅनच्या आकड्यांशी झगडत होते. पेट स्कॅनमध्ये मेंदूच्या प्रत्येक भागातला रक्तपुरवठा मोजता येतो. अडचण अशी, की माणूस घाबरून जोराने श्वास घेऊ लागला, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि अख्ख्या मेंदूचाच रक्तपुरवठा कमी होतो. मग बोटं हलवताना एका कोपऱ्यात किती वाढला हे कसं कळणार? १९९० मध्ये फ्रिस्टन आणि सहकाऱ्यांनी फिशर यांचा अँकोव्हा इथे आणला. सोबतचा घटक म्हणून एकूण मेंदूचा रक्तपुरवठा घेतला आणि मेंदूच्या प्रत्येक ठिपक्यासाठी तेच गणित स्वतंत्रपणे केलं. वेगवेगळ्या आकाराचे मेंदू एकमेकांवर बसावेत म्हणून सगळे एका नकाशावर ताणून बसवले. तो नकाशा तलैराख यांच्या अॅटलासचा होता, आणि तो एका साठ वर्षांच्या फ्रेंच बाईच्या मेंदूवरून बनवलेला होता. भारतीय मेंदूंचा सरासरी नकाशा बराच उशिरा आला. हैदराबादच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी १०० तरुण भारतीयांच्या एमआरआयवरून तो २०१९ मध्ये मांडला.

फ्रिस्टन यांनी हे सॉफ्टवेअर फुकट वाटलं आणि ते जगभर पसरलं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक चौकट असते, प्रत्येक ओळ म्हणजे एक स्कॅन, प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक घटक. वय टाकायचं आहे? एक रकाना वाढवा. एका बाजूने ही मोठीच सोय झाली. दुसऱ्या बाजूने, रकाना वाढवणं इतकं सोपं झालं, की तो का वाढवतोय हा विचार मागे पडला.

पार्किन्सनच्या आजारातलं उदाहरण बोलकं आहे. पेट स्कॅनमध्ये या रुग्णांच्या मेंदूच्या खोल भागांत चयापचय वाढलेला दिसतो, असं अनेक अभ्यास सांगत होते. डेन्मार्कच्या पेर बोर्गहॅमर यांनी २००९ मध्ये शंका काढली. या आजारात मेंदूच्या पृष्ठभागाचा मोठा भाग मंदावतो, म्हणजे एकूण सरासरीच खाली येते. त्या खालावलेल्या सरासरीच्या प्रमाणात बघितलं तर जे भाग आहेत तसेच राहिले तेही वाढलेले दिसणार. गावातली बाकीची घरं खचली म्हणून आपलं घर उंच झालं नाही. या विषयावर दोन बाजूंनी बरीच लेखी खडाजंगी झाली आणि अजूनही सगळे एकमताचे नाहीत.

चांगली उदाहरणंही आहेत. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायला सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. २००० साली एलिनॉर मॅग्वायर यांनी दाखवलं, की अशा १६ टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग ५० इतर पुरुषांपेक्षा मोठा आहे. लगेच आक्षेप आला, की दिवसभर गाडी चालवणं, रहदारी, ताण, बैठं काम, यातलं काहीही कारण असेल. यावर बाईंनी रकाने वाढवले नाहीत. २००६ मध्ये त्यांनी बसचालकांना आणलं. तीच रहदारी, तोच ताण, फक्त मार्ग ठरलेला. फरक टिकला. तरी प्रश्न उरला, की मोठा हिप्पोकॅम्पस असलेलेच या धंद्यात येत असतील तर? मग २०११ मध्ये शिकाऊ उमेदवारांचे परीक्षेआधी आणि काही वर्षांनी परीक्षेनंतर स्कॅन. सुरुवातीला सगळे सारखे. वाढ दिसली ती फक्त उत्तीर्ण झालेल्यांत. अकरा वर्षांत तीन अभ्यास, आणि प्रत्येक वेळी आक्षेपाला उत्तर नवी माणसं शोधून दिलं.

काही वेळा सोबतचा घटक कुणाच्या ध्यानातच नसतो. लहान मुलांच्या मेंदूत जवळजवळची केंद्रं एकमेकांशी जास्त जोडलेली असतात आणि वयाबरोबर दूरच्या केंद्रांशी जोडणी वाढते, असा सुंदर निष्कर्ष काही वर्षं गाजत होता. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तीन गटांनी दाखवलं, की स्कॅनच्या वेळी डोकं अगदी मिलिमीटरभर हललं तरी नेमकं हेच चित्र तयार होतं. आणि मशीनमध्ये जास्त कोण हलतं? लहान मुलं. ऑटिझम असलेल्या मुलांच्या मेंदूतले तंतू सगळीकडे विस्कळीत असतात या समजुतीचंही तेच झालं. २०१४ मध्ये एका गटाने सारखंच हललेली मुलं निवडून तुलना केली, तेव्हा एका तंतुगुच्छाचा अपवाद सोडता फरक उरला नाही.

आता औषधांबद्दल, कारण स्किझोफ्रेनियाच्या घरांतून हा प्रश्न येतोच. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २००५ मध्ये माकडांना दीड-दोन वर्षं हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन दिलं. त्यांच्या मेंदूचं वजन औषध न दिलेल्या माकडांपेक्षा ८ ते ११ टक्के कमी भरलं. मग रुग्णांच्या स्कॅनमधला फरक आजाराचा की गोळ्यांचा? माणसांमध्ये हे सुटं करणं कठीण, कारण ज्याचा आजार जास्त त्याला डोसही जास्त. डोस वजा केला तर त्याबरोबर आजाराची तीव्रताही वजा होते. ज्यांनी अजून औषध घेतलेलंच नाही अशा रुग्णांतही काही फरक दिसतात, म्हणजे सगळा दोष गोळ्यांचा नाही. हे वाचून कुणीही स्वतःहून औषध बंद करू नये. औषध बंद केल्याने आजार उलटण्याचा धोका खराखुरा आणि जवळचा आहे. डोस कमी करायचा का, हे आपल्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून ठरवा.

एक प्रश्न मला नातेवाईक वारंवार विचारतात. 'डॉक्टर, एमआरआय तर नॉर्मल आला, मग याला आजार आहे कसा?' याचं उत्तर अलीकडच्या एका मोठ्या आकड्यात आहे. २०१६ मध्ये जगभरातल्या १५ केंद्रांनी मिळून २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी माणसांचे स्कॅन तपासले. वय, लिंग, कवटीचा आकार वजा केला. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने लहानच निघाला, शंकेला जागा नाही. पण किती लहान? कुठलाही एक रुग्ण आणि कुठलाही एक निरोगी माणूस अशा १०० जोड्या लावल्या, तर त्या अभ्यासातल्या फरकाच्या हिशेबाने सुमारे ६३ जोड्यांत रुग्णाचा लहान असेल आणि ३७ जोड्यांत निरोगी माणसाचा. जुळ्यांमध्ये १५ पैकी १४ जोड्यांत दिसलं ते इथे ६३ वर येतं, कारण माणसामाणसांतला नेहमीचा फरक आजाराच्या फरकापेक्षा मोठा आहे. तुमच्या मुलाचा मेंदू आजारपणापूर्वी केवढा होता हे कुणी मोजून ठेवलेलं नसतं, आणि त्याला निरोगी जुळा भाऊ नसतो. म्हणून अशा रुग्णाचा एमआरआय आम्ही काढतो तो गाठ, मेंदूज्वर, जुना मार असं काही दुसरं कारण नाही ना हे पाहायला. निदान होतं ते त्याच्याशी आणि तुमच्याशी बोलून.